किब्ल्याचा बाण दाखवणारं अ‍ॅप आतून काय करतं?

सीवूड्समध्ये एखादं कुटुंब नव्या टॉवरमध्ये राहायला आलं की सामान लागण्याआधीच विचारलं जातं, किब्ला कुठे? कुणीतरी फोन काढतो. अ‍ॅपचा बाण साधारण २८० अंशांवर, म्हणजे पश्चिमेपासून दहाएक अंश उत्तरेकडे थांबतो. मुसल्ला अंथरला जातो, विषय संपतो.

पण बाण दाखवता दाखवता ते अ‍ॅप आणखी काय करतं? एप्रिल २०२२ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी दिली की नमाजच्या वेळा आणि किब्ला दाखवणाऱ्या काही अ‍ॅपमध्ये एक परकी लायब्ररी बसवलेली होती. ती फोन नंबर, ईमेल, नेमकं ठिकाण अशी माहिती गोळा करत होती. सर्ज एगेलमन आणि जोएल रिअर्डन या दोन संशोधकांनी ती शोधली. लायब्ररी पनामात नोंदलेल्या 'मेझरमेंट सिस्टम्स' या कंपनीची होती. कंपनीने आरोप नाकारले, तरी गूगलने ती अ‍ॅप प्ले स्टोअरवरून काढली. लायब्ररी काढून टाकल्यावर परत येण्याची मुभा मात्र होती.

आता मुद्दा असा की अ‍ॅप तर बंद डब्यासारखं असतं, मग आतलं कळतं कसं? प्रोग्रॅमर लिहितो ते माणसाला वाचता येतं. कंपायलर त्याचं मशीनच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो आणि लिहिणाऱ्याच्या टिपा, आतली बरीचशी नावं गळून पडतात. काही नावं मात्र राहतात, कारण प्रोग्रॅमच्या एका भागाला दुसऱ्याला हाक मारावी लागते. डबा उघडणारा माणूस आधी हीच नावं शोधतो.

सी प्लस प्लस भाषेत ही नावं विचित्र दिसतात. समजा 'किब्ला' नावाची दोन फंक्शन आहेत. एकाला शहराचा क्रमांक द्यायचा, दुसऱ्याला अक्षांश-रेखांश. नाव एकच, मग हाक कुणाला? आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. मुहम्मद नावाची माणसं अगणित, पण मुहम्मद बिन इस्माईल अल-बुखारी म्हटलं की इमाम बुखारीच. नाव, वडील, गाव, सगळं जोडून. कंपायलरही तेच करतो, फक्त मधली जागा सोडत नाही. अक्षांश-रेखांशवाल्या फंक्शनचं नाव होतं: अंडरस्कोर, झेड, ५, किब्ला, डी, डी. ५ म्हणजे इंग्रजी स्पेलिंगमधली अक्षरं. प्रत्येक डी म्हणजे 'डबल' जातीचा, दशांश चिन्हाचा एक आकडा. याला मँगलिंग म्हणतात. लिनक्स आणि अँड्रॉइडवर हीच पद्धत चालते, मायक्रोसॉफ्टची वेगळी.

उलट वाचणं म्हणजे डिमँगलिंग. 'सी प्लस प्लस फिल्ट' नावाचं फुकट साधन ते क्षणात करतं: किब्ला, कंसात डबल, डबल. 'घिड्रा'ही ते आपोआप करतं. (घिड्रा अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने २०१९ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. पाळत ठेवणाऱ्यांचं साधन पाळत शोधायला कामी येतं!)

इथे आपली कॉलेजची मुलं गल्लत करतात. मँगल केलेलं नाव गुपित नसतं, नुसतं नियमाने बांधलेलं असतं. लपवाछपवी वेगळी. अँड्रॉइड अ‍ॅपचा मोठा भाग जावा किंवा कोटलिनमध्ये असतो आणि तिथे बरेच जण सगळ्या नावांच्या जागी ए, बी, सी ठेवतात. ते डिमँगल होत नाही, कारण मूळ नाव फाइलमध्ये उरलेलंच नसतं. मग कोड काय करतो ते वाचावं लागतं, आणि अ‍ॅप कुणाशी बोलतं त्यावर नजर ठेवावी लागते.

शिवाय नाव खोटंही असू शकतं. 'किब्ला' नावाचं फंक्शन फोनबुक वाचत असेल तर डिमँगलर ते सांगणार नाही. तो फक्त पाटी वाचतो, दुकानात शिरत नाही.

इंजिनीअरिंग करणाऱ्या मुला-मुलींनी आधी स्वतः लिहिलेल्या चार ओळींच्या प्रोग्रॅमवर हे करून बघावं. एकाच नावाची दोन फंक्शन लिहा, कंपाइल करा, 'एनएम' ही कमांड चालवा. घरातल्या मोठ्यांसाठी काम सोपं आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन नमाजच्या अ‍ॅपला काय काय परवानग्या दिल्यात ते पाहा. किब्ल्यासाठी ठिकाण लागतं, तेही शहर हाताने निवडलं तर लागत नाही. कॉन्टॅक्ट्स आणि कॉल कशालाच लागत नाहीत.