पाईप, सिगार आणि रसनेची साक्ष

व्हर्जिनियाच्या गोडसर तंबाखूने वर्षानुवर्षे पाईप भरणारा रसिक जेव्हा प्रथम सिगार पेटवतो, तेव्हा ओळखीचे माधुर्य तर त्याला सापडत नाहीच, उलट चामडे, देवदार आणि मिरी यांची आठवण करून देणारा एक रांगडा गंध त्याच्याशी हुज्जत घालू लागतो. आणि ‘निकोटियाना टॅबॅकम’ या एकाच वनस्पतीच्या पानांत इतकी तफावत कशी, असा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहत नाही.

या तफावतीचे मूळ शेतात आहे, तसेच पान वाळवण्याच्या रीतीतही आहे. व्हर्जिनियाचे पान बंदिस्त कोठारात उष्ण हवेने थोड्या दिवसांत वाळवतात. पान पिवळे पडताना पिष्टाची शर्करा होते आणि ती खर्ची पडण्यापूर्वीच उष्णता पेशींचा कारभार बरखास्त करते. क्यूबातील व्वेल्ता आबाहो प्रांतीचे सिगारचे पान मात्र हवेशीर कोठीत कित्येक आठवडे टांगलेले असते, आणि तेवढ्या अवधीत पेशी आपली शर्करा बहुतांशी फस्त करतात. पुढे पानांचे ढीग रचले, की ते किण्वनाच्या स्वतःच्याच उष्णतेने तापतात, त्यांतून अमोनिया निघून जातो आणि कॅरोटिनॉइड द्रव्यांचे विघटन होऊन काष्ठगंधी व पुष्पगंधी संयुगे उपजतात. लटाकिया या पाईपच्या तंबाखूचा धुरकट वास जळत्या लाकडांकडून उसना आलेला असतो. सिगारचा वास मुख्यत्वे पानाची स्वकष्टार्जित मिळकत होय.

ही मिळकत पारखण्याचे काम एकट्या जिभेचे नव्हे. जिभेच्या दप्तरी गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच रुचींची नोंद असल्यामुळे देवदार आणि चामडे यांची साक्ष नाकालाच द्यावी लागते. तोंडातील धूर घशामागच्या वाटेने नाकात पोचतो, तेव्हाच हा तपशील उलगडतो.

परंतु याच रसायनाची दुसरी बाजू नजरेआड करता येत नाही. शर्करेच्या अभावी सिगारचा धूर अल्कधर्मी होतो. सामू 8च्या आसपास गेला, की सुमारे निम्मे निकोटीन मुक्त स्थितीत येऊन तोंडाच्या श्लेष्मल त्वचेतूनच रक्तात उतरते. शिवाय किण्वनात कर्कजनक नायट्रोसामाइनेही निर्माण होतात. म्हणून ‘आम्ही धूर छातीत ओढत नाही’ ही पाईपवाल्यांची आणि सिगारवाल्यांची जुनी सबब शास्त्राच्या दरबारात टिकत नाही. तोंडाचा व घशाचा कर्करोग ती ऐकून घेत नाही.