खसखशीएवढी गोचीड

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात मी फॅमिली डॉक्टर आहे. उन्हाळा लागला, की दवाखान्यात रोज एक प्रश्न ठरलेला: "डॉक्टर, हा चट्टा कसला?"

इथल्याच लाइम परिसरात १९७५ साली मुलांचे सांधे सुजू लागले. दोन आयांनी चौकशीचा पिच्छा पुरवला, म्हणून 'लाइम' रोग उजेडात आला. त्याचा जंतू पसरवते गोचीड. तिचे पिलू खसखशीएवढे! ती चावल्यावर तीन ते तीस दिवसांत लाल चट्टा उठतो, दिवसागणिक पसरतो. बहुधा दुखत नाही, म्हणूनच दुर्लक्ष होते.

असा चट्टा पाहिला, की मी रक्ततपासणीसाठी थांबत नाही. सुरुवातीला तिच्यात पुष्कळदा काहीच सापडत नाही. डॉक्सिसायक्लिन दहा दिवस घेतले, की बहुतेकांना गुण येतो. हयगय झाली, तर तोंड वाकडे होते, गुडघे सुजतात, क्वचित हृदयाचे ठोकेही मंदावतात.

लेकीसुनांकडे इकडे येणाऱ्या आजी-आजोबांनो, गवतातून आल्यावर नातवंडांच्या काखा, गुडघ्यांमागची बाजू आणि केस पाहा. गोचीड दिसली तर तेल नको, चटका नको. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. आणि तारीख लिहून ठेवा. चट्टा उठलाच, तर डॉक्टर पहिल्याने तीच विचारील.