दोन काटे एकदम चुकले तर मीटर बदलू नका! जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमधला इलेक्ट्रिकल बिघाड असा शोधा

३० ऑक्टोबर २०२३ पासून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावर दिसेनाशी झाली. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती आणि मुंबईत टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षं आहे. पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या खासगी पद्मिनी आणि त्यांच्या जोडीला मारुती ८०० अजूनही अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये उभ्या दिसतात. १५ वर्षं उलटल्यावर पुन्हा पासिंग करून लोक त्या हौसेने चालवतात.

या गाड्यांची एक तक्रार ठरलेली असते: पेट्रोलचा काटा काहीही दाखवतो, टेम्परेचरचा काटा मध्येच उडी मारतो, इंडिकेटर लावला की सगळंच थरथरतं. मग कोणीतरी सुचवतं, "पूर्ण मीटरच बदलून टाका, सेकंडहँड मिळतो." थांबा! बऱ्याचदा मीटर चांगला असतो आणि बिघाड दुसरीकडेच असतो. शिवाय मीटर बदलला की ओडोमीटरचा आकडाही बदलतो, आणि उद्या गाडी विकताना ते समजावून सांगणं कठीण जातं.

आधी एकच प्रश्न विचारा

एकच काटा चुकतोय, की अनेक?

सॉफ्टवेअरमध्ये पाच स्क्रीन एकाच वेळी बिघडल्या, तर आपण पाच बग शोधत नाही. त्या पाचही जणी जिथून डेटा घेतात ती जागा आधी बघतो. इथेही तेच करायचं. एकच काटा चुकत असेल तर त्याचा स्वतःचा सेन्सर किंवा त्याची वायर बघा. अनेक काटे आणि दिवे एकदम बिघडले असतील तर त्यांच्यात सामाईक काय आहे ते बघा: फ्यूज, इग्निशनमधून येणारा करंट आणि अर्थ.

एक अपवाद लक्षात ठेवा. पद्मिनी आणि जुन्या ८०० चा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून येणाऱ्या केबलवर चालतो. त्याचा काटा थरथरत असेल किंवा बंद पडला असेल तर आधी केबल बघा, वायरिंगमध्ये वेळ घालवू नका.

अर्थ म्हणजे काय आणि तो का बिघडतो?

बॅटरीतून करंट वायरने मीटरपर्यंत जातो, पण परत येताना गाडीच्या पत्र्यातून येतो. मीटरच्या मागून निघालेली एक वायर स्क्रूने पत्र्याला जोडलेली असते, तोच अर्थ. मुंबईत चार महिने पाऊस, वर्षभर खारी दमट हवा, त्यामुळे त्या स्क्रूखाली गंज धरतो. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर आणखी वाईट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे आपल्याला माहीतच आहे. पण तेवढा पूर यायची गरज नाही. पाणी एकदा वायरच्या टोकातून आत शिरलं की तांबं प्लॅस्टिकच्या आत हिरवं पडत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

आता थोडं गणित. मीटरमध्ये ३ वॅटचे ४ बल्ब आहेत असं धरू. १२ व्होल्टवर त्यांना साधारण १ अँपिअर करंट लागतो. गंजलेल्या अर्थच्या जोडाचा रेझिस्टन्स १ ओहम झाला, तर त्या जोडावरच जवळपास १ व्होल्ट खर्च होतो. पार्किंग लाइट लावल्यावर पेट्रोलचा काटा हलतो तो यामुळेच. काट्याच्या वाट्याचा व्होल्टेज बल्ब पळवतात.

तपासणी: टप्प्याटप्प्याने

एक साधा डिजिटल मल्टिमीटर लागेल. लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतो.

१. बॅटरी. इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. इथेच गडबड असेल तर पुढचं सगळं रीडिंग फसवं येईल.

२. फ्यूज. नुसता बघू नका, काढून त्याची टोकं आणि क्लिप घासून साफ करा. जुन्या फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज उडालेला नसतो, पण क्लिपला गंज असतो.

३. अर्थ. इग्निशन आणि पार्किंग लाइट चालू ठेवा. मल्टिमीटरचं एक टोक मीटरच्या अर्थ वायरला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.१-०.२ व्होल्ट चालतील. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर स्क्रू काढा, पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा आणि परत घट्ट बसवा.

४. व्होल्टेज स्टॅबिलायझर. काही जुन्या गाड्यांत पेट्रोल आणि टेम्परेचरच्या काट्यांना स्थिर व्होल्टेज देणारा छोटा डबा मीटरमागे असतो. तो बंद पडला तर दोन्ही काटे खाली पडून राहतात. जुन्या बायमेटल प्रकारात त्याचाच अर्थ तुटला तर दोन्ही काटे वाजवीपेक्षा वर जातात. टाकी रिकामी असूनही अर्धी दिसते, ती अशी.

एकच काटा चुकत असेल तर

पेट्रोलच्या टाकीत फ्लोट असतो. पेट्रोल कमी-जास्त झालं की तो वर-खाली होतो आणि टँक युनिटचा रेझिस्टन्स बदलतो. तपासायला इग्निशन बंद करा, युनिटची वायर काढा आणि टाकीपासून दूर अर्थला जोडा. मग चावी फिरवा. ठिणगी नको म्हणून हा क्रम पाळायचाच. काटा एका टोकाला गेला आणि वायर सुटी ठेवून परत पाहिल्यावर दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर ठीक आहेत, दोष युनिटमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये आहे. काटा हललाच नाही तर वायर किंवा मीटर. चाचणी काही सेकंदच करा, जास्त वेळ ठेवलं तर काटा जळू शकतो. टाकी उघडायची वेळ आली तर ते काम गॅरेजवरच.

टेम्परेचरच्या सेन्सरलाही बहुतेक जुन्या गाड्यांत हीच चाचणी चालते: वायर सुटी तर थंड, अर्थला जोडली तर गरम.

मात्र ज्या गाडीत मीटरला माहिती कॉम्प्युटरकडून येते, तिथे अशी वायर अर्थला लावू नका. तिथे स्कॅनर लागतो.

हे टाळाच

टेम्परेचरचा काटा "असाच आहे" म्हणून सोडून देऊ नका. कसारा घाटात किंवा वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या ट्रॅफिकमध्ये इंजिन तापलं आणि काट्याने सांगितलंच नाही, तर हेड गॅस्केट जातं. अर्थच्या एका स्क्रूपुढे तो खर्च कितीतरी मोठा.

बॅटरीचा लाल दिवा चावी फिरवल्यावर लागतो का ते बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला चार्जिंग सुरू करायला लागणारा करंट याच बल्बमधून जातो. बल्ब गेला तर अल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग सुरू होत नाही, आणि दिवा नसल्यामुळे कळतही नाही.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा किंवा चांदीच्या कागदात गुंडाळलेला फ्यूज कधीच लावू नका. फ्यूज उडणं म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे. बहुधा उंदराने वायर कुरतडलेली असते. फ्यूजने अडवलं नाही तर वायर पेटते.

जळल्याचा वास आला तर लगेच बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याला "मीटर खराब आहे" असं सांगू नका. "पार्किंग लाइट लावला की दोन काटे हलतात, अर्थवर ०.९ व्होल्ट येतात" असं सांगा. त्याचा वेळ वाचेल, आणि तुमचे पैसेही.