ओळींची उलथापालथ: सॉर्ट, युनिक आणि आमच्या चाळीची यादी

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी. नेहमीसारखंच, बोललो ते जवळपास तसंच उतरवलंय. मधले ‘अं… हं…’ गाळलेत आणि दोन ठिकाणी ॲम्ब्युलन्सचा सायरन कापलाय. चिंचपोकळीत राहून, तेही कस्तुरबा रुग्णालयाच्या आसपास राहून, सायरनशिवाय रेकॉर्डिंग करायचं म्हणजे पहाटे चारला उठायला हवं, आणि ते आपल्याच्याने होणार नाही.

एक सूचना आधीच देतो. कमांड मी जशा उच्चारतो तशाच देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. ‘डॅश’ म्हटलं की आडवी छोटी रेघ, ‘पाइप’ म्हटलं की उभी रेघ.

आजचा विषय तसा किरकोळ वाटेल. टेक्स्ट फाईलमधल्या ओळी वरखाली करणं. पण या भागात यादीची किंमत सगळ्यांना ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या, आणि तेव्हापासून इथल्या कितीतरी घरांत ‘यादीत नाव आलं का?’ हा प्रश्न विचारला जातोय. १ मार्च २०२० ला म्हाडाने गिरणी कामगारांच्या ३,८९४ घरांची सोडत काढली. अशा सोडतीत घरातलं कुणी आहे का, हे पाहायला माणसं छापील कागदावर बोट फिरवत बसतात. बोट फिरवणाऱ्याला यादी कुठल्या क्रमाने लावली आहे हे कळलं नाही, तर यादीत असलेलं नावही त्याला सापडत नाही.

आमची यादी त्यामानाने चिमुकली. चाळीचा पुनर्विकास निघालाय. तळमजला धरून चार मजले, मिळून ८० खोल्या. उपकरप्राप्त इमारत असल्यामुळे ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते. ८० चे ५१ टक्के म्हणजे ४०.८, म्हणजे ४१ खोल्या हव्यात. कमिटीतल्या पोरांनी दारोदार फिरून संमतीपत्रं गोळा केली, कुणी मोबाईलवर नोंदवलं, कुणी कागदावर लिहून नंतर टाइप केलं, आणि सगळं एका शीटमध्ये चिकटवलं. ओळी झाल्या ४३. दोन जास्तच! सभेची तारीख ठरवायची तयारीही झाली. त्याआधी ‘जरा नीट क्रमाने लावून दे रे’ म्हणून फाईल माझ्याकडे आली. मी ती स्वल्पविरामाने तोडलेली टेक्स्ट फाईल करून घेतली. एका ओळीत मजला, खोली, नाव.

आता पहिली कमांड, सॉर्ट. नुसतं ‘सॉर्ट’ म्हणून फाईलचं नाव दिलं तर ती अख्खी ओळ अक्षर-अक्षर ताडून बघते. त्यामुळे खोली १ नंतर येते १०, मग ११, १२, आणि मग कुठेतरी २. वर्तमानपत्रातल्या कोड्यासारखं. सॉर्टला सांगावं लागतं की बाई गं, हा आकडा आहे. त्यासाठी डॅश-एन. रकाना कशाने तुटतो ते सांगायला डॅश-टी आणि त्याला चिकटून स्वल्पविराम. कितवा रकाना ते सांगायला डॅश-के. म्हणजे पूर्ण कमांड अशी बोलू: सॉर्ट, डॅश-टी-स्वल्पविराम, डॅश-के-एक-स्वल्पविराम-एक-एन, डॅश-के-दोन-स्वल्पविराम-दोन-एन. आधी मजल्याने लाव, मजला सारखा असेल तर खोलीने लाव.

ते ‘एक-स्वल्पविराम-एक’ काय आहे म्हणाल. डॅश-के-एक एवढंच लिहिलं तर सॉर्ट समजते, पहिल्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत. ‘एकपासून एकपर्यंत’ असं म्हटलं की ती एका रकान्यात थांबते. आकड्यांत हा फरक सहसा दिसत नाही, कारण आकडा संपला की वाचन थांबतं. नावांच्या रकान्यात मात्र नक्की दिसतो. सवय म्हणून दोन्ही टोकं लिहायची.

कमांड चालवली आणि अर्धी यादी शहाण्यासारखी लागली, अर्धी नाही. कारण पोरांपैकी काहींनी खोलीचा आकडा इंग्रजीत टाइप केला होता, काहींनी मराठीत. सॉर्टचं डॅश-एन फक्त इंग्रजी आकडे ओळखतं. देवनागरी ‘१२’ तिच्या लेखी आकडाच नाही, म्हणून ती त्याची किंमत शून्य धरते. सगळ्याच शून्य, म्हणजे बरोबरी. बरोबरी झाली की ती अख्खी ओळ पुन्हा अक्षरांनी ताडते, आणि आपण परत १, १०, ११, २ वर. वाईट भाग असा की ती कुठलीही तक्रार करत नाही. पडद्यावर यादी येते, लागलेली दिसते, आणि आपण पुढे जातो.

उपाय आहे सेड. सेडमध्ये ‘वाय’ नावाची सोय आहे: एका बाजूला दहा मराठी आकडे ओळीने लिहायचे, दुसऱ्या बाजूला दहा इंग्रजी, मधे तिरक्या रेघा. ज्याच्या जागी ज्याला तो. पुष्कळ जण यासाठी टीआर सुचवतात. इंग्रजीपुरतं ते चालतं, पण लिनक्सवरचं टीआर बाइटच्या हिशेबाने चालतं, आणि देवनागरीचा एकेक आकडा युटीएफ-आठमध्ये तीन बाइटचा असतो. टीआर त्याची चटणी करतं. सेडला मात्र तुमचं लोकेल युटीएफ-आठ असेल तर अक्षर म्हणजे काय ते कळतं.

आता मोजणी. एकच ओळ दोनदा आली आहे का हे बघायला युनिक. युनिकबद्दल एक गोष्ट सगळ्या पुस्तकांत लिहिलेली असते आणि तरी सगळे विसरतात: ती फक्त शेजारच्या ओळींकडे बघते. पहिली आणि दहावी ओळ सारखी असली तरी मधे आठ ओळी असतील तर तिला पत्ता लागत नाही. म्हणून आधी सॉर्ट, मग युनिक. ही जोडगोळी जुनी आहे. एका कमांडचं उत्तर थेट दुसरीच्या तोंडात द्यायचं, ही पाइपची कल्पना डग मॅकलरॉय यांची. ती १९७३ मध्ये युनिक्समध्ये आली, आणि सॉर्ट-युनिकसारखी छोटी अवजारं तेव्हापासून एकमेकांना जोडून वापरली जातायत.

पूर्ण ओळींवर युनिक चालवलं तर एकही पुनरावृत्ती निघाली नाही. साहजिक आहे. माणसं एकच नाव दोनदा तसंच्या तसं लिहीत नाहीत. म्हणून नाव सोडून दिलं आणि फक्त मजला-खोली घेतली. कट, डॅश-डी-स्वल्पविराम, डॅश-एफ-एक-स्वल्पविराम-दोन. पाइप सॉर्ट. पाइप युनिक डॅश-सी. पाइप सॉर्ट डॅश-आर-एन. यातलं डॅश-सी प्रत्येक ओळीपुढे ती किती वेळा आली ते लिहितं, आणि शेवटचं सॉर्ट मोठा आकडा वर आणतं. ही चार डब्यांची गाडी पाठ करून ठेवा. दुकानाची बिलं असोत, सर्व्हरचे लॉग असोत की वर्गणीच्या पावत्या, हीच गाडी धावते.

मराठी आकडे बदलण्याआधी ही गाडी चालवून बघितली तेव्हा तीन खोल्या दोनदा आलेल्या दिसल्या. आकडे बदलल्यावर चार. चौथी खोली एकदा मराठी आकड्यात होती, एकदा इंग्रजीत. म्हणजे ओळी ४३, पण खोल्या ३९. दोन जास्त नाही, दोन कमी!

या चारांत लबाडी कुणाची नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. एका खोलीत दोन भाऊ, दोघांनी वेगवेगळं संमतीपत्र दिलं. भाडेकरार एकच, म्हणून संमती एकच. आकड्यांची ती चौथी खोली. आणि उरलेल्या दोन नावांच्या स्पेलिंगच्या. त्या दोन मला सगळ्यात रंजक वाटल्या, कारण पडद्यावर दोन्ही नावं अक्षरशः सारखी दिसत होती.

कऱ्हाडकर हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र, तो डोळ्याच्या पापणीसारखा, संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त, आणि त्यामागे न दिसणारं जोडणारं चिन्ह. छापून आलं की डोळ्याला काडीचा फरक नाही, पण फाईलमध्ये बाइट वेगळे. ‘ॲ’चंही तेच. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ‘ॲ’ला स्वतःची जागा मिळाली. त्याआधीच्या सवयीने कित्येक कीबोर्ड अजून अ काढून त्यावर चंद्र ठेवतात. त्यामुळे एक ‘ॲड.’ वकीलसाहेब यादीत अ पाशी बसतात आणि दुसरे थेट ह च्याही मागे, कारण नवं ‘ॲ’ तक्त्यात खूप पुढे आहे. म्हणून मोजणी कधीही नावावरून करू नका. खोली क्रमांक, पावती क्रमांक, काहीतरी रुक्ष आणि एकमेव असलेलं घ्या. आणि नावं स्वच्छ करायचीच असतील तर सेडने आधी एका रीतीवर आणा, मग पुढचं काम.

कमिटीने सभा पुढे ढकलली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन घरी आणि गावी गेलेल्या एका कुटुंबाकडे पुन्हा जाऊन आले. त्या गावच्या फेरीची गोष्ट वेगळीच आहे, पण ती इथे नको.

मग फळ्यावर लावायला नावांच्या क्रमाने यादी हवी होती, आणि तिथे आला ‘ळ’. शाळेत आपण म्हणतो श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेतही ळ हा ह नंतरच आहे. पण युनिकोडचा देवनागरी तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच चौकट, आणि त्यात ळ बसला ल च्या शेजारी. परिणाम? सॉर्ट लावते कामत, काळे, कावळे, कासार. आणि वर्णमाला पाठ असलेल्या आमच्या आजोबांचं बोट कासारच्या खाली काळे शोधत राहतं. क्षीरसागर तर क च्या शेवटी सापडतात. तेवढं मी तसंच ठेवलं, कारण तिथे शोधणारेही बरेच आहेत.

ळ साठी एक युक्ती आहे, आणि मला ती फार आवडते. यादीला हात न लावता प्रत्येक ओळीपुढे एक तात्पुरती किल्ली चिकटवायची, किल्लीने लावायचं, मग किल्ली काढून टाकायची. ऑकमध्ये नाव घ्या, त्यातल्या प्रत्येक ळ च्या जागी अवग्रह टाका, म्हणजे ते संस्कृतातलं ‘ऽ’, आणि किल्ली, टॅब, मूळ ओळ असं छापा. अवग्रहच का? कारण तक्त्यात तो ह च्या नंतर आणि काना-मात्रांच्या आधी येतो, म्हणजे ळ ला जिथे बसवायचं नेमका तिथे. शिवाय कुणाच्या आडनावात तो नसतो. मग सॉर्ट, पण तिच्यापुढे एलसी-अंडरस्कोर-ऑल बरोबर सी असं लिहून, म्हणजे ती सरळ बाइटच्या क्रमाने लावेल. युटीएफ-आठमध्ये बाइटचा क्रम आणि तक्त्याचा क्रम एकच असतो. शेवटी कट डॅश-एफ-दोन-डॅश, की किल्ली गेली. ते ‘सी’ फक्त सॉर्टपुरतंच ठेवा. सेडलाही लागलं तर तो पुन्हा अक्षरांऐवजी बाइट मोजायला लागेल आणि आकड्यांच्या वेळी ‘दोन्ही बाजूंची लांबी जुळत नाही’ म्हणून अडून बसेल.

थोडक्यात बाकीची अवजारं. टॅक, म्हणजे कॅटची अक्षरं उलटी. फाईल शेवटच्या ओळीपासून पहिलीपर्यंत छापते. मॅकवर ती नसते, तिथे टेल डॅश-आर. आणि शफ, पत्ते पिसल्यासारख्या ओळी पिसते. सॉर्टलाही डॅश मोठा-आर देऊन तसं करता येतं असं वाटतं, पण ती सारख्या ओळी एकत्रच ठेवते, कारण ती ओळीतून एक आकडा काढून त्यावर लावते. पिसायचं असेल तर शफ.

कुणीतरी सुचवलं की नव्या इमारतीतले मजलेही शफनेच वाटू. मी नको म्हटलं. तांत्रिकदृष्ट्या शफ उत्तम आहे, ठरावीक फाईल रँडम-सोर्स म्हणून दिली तर तोच निकाल कुणालाही पुन्हा काढून दाखवता येतो. पण पाटावर बसलेल्या ऐंशी वर्षांच्या आजींना काळ्या पडद्यावरचा निकाल का पटावा? बरणीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि पहिलीतल्या पोरीने सगळ्यांसमोर काढायच्या. चिठ्ठ्या किती आहेत हे मोजायला मात्र डब्ल्यूसी डॅश-एल.

आणि उत्तर त्याच फाईलमध्ये परत लिहायचं असेल तर बाणाची खूण वापरू नका. शेल आधी फाईल रिकामी करतं, मग सॉर्ट वाचायला जाते, आणि हाती शून्य ओळी येतात. त्यासाठी डॅश-ओ आहे: सॉर्ट सगळं वाचून संपल्यावरच लिहिते. तरीही मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवाच.

पुढच्या भागात जॉईन: भाडेपावत्यांची यादी आणि संमतीची यादी खोली क्रमांकावरून एकमेकींना जोडायची आहे, आणि तिथे १२-अ, १२-ब अशा मधे भिंत घातलेल्या खोल्यांचं काय करायचं ते बघू. भेटू.