फुकटाचें मोल

सोलापूर जिल्ह्यांतील डाळिंबाचा बागाईतदार औषधाच्या एका बाटलीस हजार रुपये निमूटपणें मोजतो. परंतु हवामानाची वा रोगाची सूचना देणाऱ्या मोबाईलवरील ॲपनें वर्षास पांचशें मागितले, कीं तो चिडतो. हें कृपणपणाचें लक्षण नव्हे. याचीं कारणें तीन आहेत.

पहिलें, बाटली हातांत घेतां येते. सल्ला दिसत नाहीं. दुसरें, 2019 सालीं भारतीय हवामान खात्याचें ‘मेघदूत’ ॲप विनामूल्य मिळूं लागलें. आणि जें प्रथम फुकट मिळालें त्याचा वाजवी भाव शून्यच, असें मनांत ठसतें. तिसरें, अवजार एकदां घेतलें कीं आपलें होतें. ॲपची वर्गणी मात्र दरसाल भरावी लागते व ती खंडासारखी टोंचते.

परंतु ‘मेघदूत’चा खर्चही सरकारी तिजोरी सोसतेच. खाजगी ॲप फुकट असेल, तर तो बहुधा जाहिरातदार सोसतो, अथवा आपल्या शेताची माहिती हेंच त्याचें मोल ठरतें.

फेब्रुवारी 2023 मध्यें याच जिल्ह्यांतील एका शेतकऱ्यास 512 किलो कांद्याचे, खर्च वजा जातां, अवघे दोन रुपये मिळाले. श्रमाचें मोल बुडणें म्हणजे काय, हें आपणांस सांगावयास नको. बुद्धीचे श्रम हेही श्रमच होत.

सबब एक हंगाम ॲपची परीक्षा करावी; त्यानें वर्तविलेला पाऊस आपल्या पर्जन्यमापकाशीं ताडून पाहावा. उपयोग दिसल्यास दाम द्यावे, न दिसल्यास खुशाल सोडावें. फुकट मिळालें, तर मात्र त्याचे पैसे कोण भरतो, एवढें अवश्य विचारावें.