लॅमिनेशन करा, पण मूळ कागदाचं नको!

पुणेरी पाट्यांचे विलायती चुलतभाऊ बघायचे असतील, तर इथल्या कुठल्याही ऑफिसच्या किचनमध्ये डोकवावं. 'आपला कप आपणच धुवावा', 'शुक्रवारी फ्रीज रिकामा केला जाईल'... सगळं 'कृपया' लावून आणि लॅमिनेट करून! आमच्या रेडिंगच्या को-वर्किंग ऑफिसात प्रिंटरशेजारी त्यासाठी ए-फोर आकाराचं मशीन आहे. अनेक कंपन्यांचे लोक ते वापरतात, म्हणजे तसं ते कुणाचंच नाही. गणपती जवळ आले की पार्किंगच्या सूचना, प्रसादात काजू-शेंगदाणे असल्याचे फलक घेऊन आपली मंडळीही तिथे हजर.

पाऊचच्या आतल्या बाजूला गोंदासारखा लेप असतो. तापलेल्या रोलरमधून जाताना तो वितळून कागदाला चिकटतो. म्हणून तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत थांबायचं, नाहीतर पाऊच दुधाळ निघतं. बंद कड आधी आत घालायची. रिकामं पाऊच किंवा आधीच कागदाच्या मापाला कापलेलं पाऊच घातलं, की लेप रोलरला लागतो आणि पुढच्या माणसाच्या कागदावर उमटतो. कापायचं ते थंड झाल्यावर, चारी बाजूंना थोडी कड राखून. अडकलंच तर रिव्हर्सचं बटण किंवा खटका वापरावा, नाहीतर प्लग काढून थंड होऊ द्यावं. आत कात्री घालणाऱ्यांना साष्टांग नमस्कार! गळ्यातलं ओळखपत्र, टाय, ओढणी आधी आवरावी. रोलरला कागद आणि पट्टी यांतला फरक कळत नाही.

प्लगवरच्या तपासणीच्या स्टिकरवर विसंबू नका. इथल्या १९८९च्या नियमांप्रमाणे विजेची उपकरणं सुरक्षित ठेवावीच लागतात, पण दरवर्षी स्टिकर लावा असं कायदा म्हणत नाही. वायर चिरलेली दिसली, जळका वास आला, तर स्टिकर कालचा असला तरी मशीन बंद करून ऑफिस मॅनेजरला सांगावं.

हे सगळं जमतं हो. माझी खरी काळजी वेगळीच आहे. आपल्याकडे दहावीचं मार्कशीट हातात आलं की बाबा ते थेट लॅमिनेशनला न्यायचे. ओल, वाळवी, पावसाळा; त्यात त्यांचं चुकलं असं कसं म्हणू? पण इथे बाळाचा जन्मदाखला मिळाला की आपलाही हात तसाच मशीनकडे वळतो. ब्रिटिश पासपोर्टच्या अर्जाला मूळ दाखला लागतो, लॅमिनेट केलेला चालत नाही. दाखल्याची नवी प्रत शुल्क भरून मिळते तरी. पदवीच्या दुसऱ्या प्रतीसाठी मात्र विद्यापीठात खेटे घालायची वेळ येते, आणि ते घालतात सहसा गावाकडचे सत्तरीतले वडील. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, मागे शेरा लिहिता येत नाही, आणि आमच्या कॉम्प्युटरसारखं 'अनडू'ही इथे नाही. दुकानाची थर्मल पेपरवरची बिलं तर उष्णतेने काळीच पडतात.

लॅमिनेट करायची ती फोटोकॉपी. मूळ कागद साध्या फोल्डरमध्ये ठेवावा, स्कॅन करून ठेवावा.

या रविवारी घरी फोन कराल तेव्हा कपाटातली पदवी कशी आहे ते विचारा. लॅमिनेट झालेली असेल तर प्लास्टिक सोलू नका म्हणावं, शाई त्याच्याबरोबर निघून येते. दुसऱ्या प्रतीचा अर्ज आत्ताच करून टाका, व्हिसाची तारीख डोक्यावर आल्यावर नको.