कोकणची आम्लधर्मी जमीन आणि चुन्याचा वापर

कोकणातील जांभ्या दगडापासून बनलेली तांबडी जमीन आम्लधर्मी आहे, हे बहुतेक शेतकरी बंधूंना ठाऊक आहे. परंतु तिला चुना केव्हा व कोणत्या पिकासाठी द्यावा, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात आणि त्यापायी पैसा व्यर्थ जातो.

रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. या पाण्याबरोबर कॅल्शियम, मॅग्नेशियम ही द्रव्ये झिरपून जातात. लोह व ॲल्युमिनियम मागे राहतात. त्यात उष्ण हवेची भर पडते. ओलावा असताना उष्णमान १० अंश सेल्सिअसने वाढले की, सेंद्रिय द्रव्य कुजण्याचा वेग साधारणतः दुप्पट होतो. घाटावरच्या थंड जागेपेक्षा येथे शेणखत लवकर संपते, ते यामुळेच.

आम्लता सामूने मोजतात. सामू ७ असलेली जमीन उदासीन होय. सामू ५.५ असलेली जमीन ६.५ सामूच्या जमिनीहून दहापट आम्ल असते, हे ध्यानात ठेवावे. सामू ५.५ च्या खाली उतरला म्हणजे विरघळलेले ॲल्युमिनियम मुळांची वाढ खुंटवते. दिलेला स्फुरदही लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी बद्ध होतो. सुपर फॉस्फेटचे पैसे मोजूनही पीक उपाशी राहते!

भाताच्या खाचरात मात्र निराळाच प्रकार घडतो. पाणी साचून हवा कोंडली की, जमिनीतील जीवाणू लोहाचे रूपांतर घडवितात व त्या क्रियेत आम्लता खर्ची पडते. काही आठवड्यांत सामू ६.५ ते ७ च्या आसपास येतो आणि अडकलेल्या स्फुरदापैकी काही भाग मोकळा होतो. म्हणजे मे महिन्यातील सामू ऑगस्टमध्ये तसाच राहत नाही. म्हणून पाणी साचणाऱ्या भातासाठी सरसकट चुना घालणे आम्हांस योग्य वाटत नाही.

भात कापल्यावर जमिनीत हवा खेळू लागते व आम्लता परत येते. त्याच खाचरात पुढे भुईमूग किंवा वाल घ्यावयाचा असेल, तर चुन्याचे मोल कळते. भुईमुगाच्या शेंगा भरण्यास कॅल्शियम हवे असते. शिवाय मुळांवरील गाठींतील नत्र स्थिर करणारे जीवाणू तीव्र आम्लता सहन करीत नाहीत. चुना पेरणीपूर्वी तीन-चार आठवडे, ओल असताना मातीत नीट मिसळावा. तो अमोनियम सल्फेटबरोबर एकत्र देऊ नये, कारण नत्र वायुरूपाने उडून जाते.

चुन्याचे प्रमाण माती परीक्षणावरूनच ठरवावे. चुना अधिक झाल्यास जस्त व लोह पिकास मिळत नाहीत. नमुना खत घालण्यापूर्वी, शेताच्या आठ-दहा ठिकाणांहून सुमारे २० सेंटिमीटर खोलीपर्यंतचा घ्यावा. बांधालगतची व राब भाजलेली जागा वगळावी. राखेमुळे तेथला सामू चढलेला असतो.